‘प्रोटेक्टेड’ अर्थात ‘संरक्षित’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातबाऱ्याच्या इतर अधिकारांत, किल्ल्याच्या पायथ्याशी लावलेल्या निळ्या फलकावर, वनखात्याच्या नकाशात, पणजोबांच्या जुन्या पासपोर्टावर. ‘संरक्षित’ हा शब्द कुठे ना कुठे प्रत्येकाला भेटतो, आणि बहुतेक ठिकाणी तो इंग्रजी ‘प्रोटेक्टेड’ची सावली म्हणून आलेला असतो. विशेषण साधंच दिसतं. पण याच विशेषणाच्या आधारानं कोकणातल्या कुळाची जमीन राहिली आणि याच विशेषणाखाली कित्येक संस्थानांची सत्ता गेली. लोक या शब्दाबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

‘प्रोटेक्टेड’चा मूळ अर्थ काय?

शब्द लॅटिनमधून आला. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘टेगेरे’ म्हणजे झाकणं. समोर आडोसा धरणं, हा त्याचा मूळ भाव. छपराच्या कौलाला लॅटिनमध्ये ‘टेगुला’ म्हणत, तेही याच धातूतून. ‘डिटेक्ट’ म्हणजे शोधून काढणं, म्हणजेच झाकण काढणं, हाही त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणं, लपवणं. हा धातू त्याच कुळातला मानतात. आज आपण बैठक ‘स्थगित’ करतो तेव्हा या जुन्या नात्याची कुणाला आठवणही नसते.

व्याकरणानं पाहिलं तर ‘प्रोटेक्टेड’ हे कर्मणी रूप आहे: ज्याचं रक्षण केलं गेलं आहे ते. रक्षण कोण करतंय, हे या रूपात कुठेच सांगितलेलं नसतं. कुणापासून आणि कोणत्या कायद्यानं, तेही नाही. माझ्या मते या शब्दाचा सगळा इतिहास या तीन न सांगितलेल्या गोष्टींमध्ये आहे. ‘संरक्षित’ दिसलं की त्या आधी शोधायच्या.

सेफ, सिक्युअर आणि प्रोटेक्टेड यांत फरक आहे का?

आहे, आणि चांगलाच आहे. ‘सेफ’ लॅटिन ‘साल्व्हुस’वरून आला: धडधाकट, अखंड. संस्कृत ‘सर्व’ त्याचा नातेवाईक. ‘सिक्युअर’ म्हणजे ‘से’ अधिक ‘कुरा’, काळजीविना. त्याला ‘निर्धास्त’ इतका चपखल मराठी शब्द आहे की भाषांतर करावंच लागत नाही. सेफ ही स्थिती आहे, सिक्युअरमध्ये मनाची निश्चिंती आहे आणि प्रोटेक्टेडमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे. त्यामुळे एखादी गोष्ट प्रोटेक्टेड असूनही सेफ नसू शकते. यादीत नाव असलेले आणि बुरूज ढासळत चाललेले किल्ले आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

‘प्रोटेक्टिव्ह’ आणि ‘प्रोटेक्टेड’ यांची गल्लत का होते?

मराठीत दोन्हींसाठी ‘संरक्षित’ वापरण्याची सवय पडली म्हणून. खरं तर जे रक्षण करतं ते ‘संरक्षक’ आणि ज्याचं रक्षण होतं ते ‘संरक्षित’. कृषी सल्ल्यात हमखास असतं, ‘हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना एक-दोन संरक्षित पाणी द्या.’ इथे पाण्याचं रक्षण होत नाही, पाणी पिकाला जगवतं. म्हणजे शब्द ‘संरक्षक पाणी’ हवा. पण शेतकऱ्याला ‘संरक्षित पाणी’ म्हटलं की नेमकं काय ते कळतं, तेव्हा या प्रयोगाशी भांडण्यात अर्थ नाही.

या ‘प्रोटेक्टिव्ह’चा महाराष्ट्राशी फार जुना संबंध आहे. इंग्रजांनी कालव्यांचे दोन वर्ग केले होते. सरकारला पैसा मिळवून देणारे ते ‘प्रॉडक्टिव्ह’ आणि फायदा नसला तरी दुष्काळात माणसं वाचवणारे ते ‘प्रोटेक्टिव्ह’. 1901 ते 1903 च्या सिंचन आयोगानं दख्खनसारख्या दुष्काळी भागात दुसऱ्या प्रकारच्या कामांवर भर दिला. प्रवरा, गोदावरी, नीरा या खोऱ्यांतल्या कालव्यांना त्यातून चालना मिळाली. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं. कल्पना अशी होती की पाणी पातळ पसरवायचं, म्हणजे पुष्कळ गावांची ज्वारी-बाजरी वाचेल. प्रत्यक्षात पाणी उसाकडे वळलं. त्यात 1932 साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि परदेशी साखरेवर जबर जकात बसली. देशात तिशीच्या आसपास असलेले साखर कारखाने काही वर्षांत शंभराच्या वर गेले. दुष्काळापासून रक्षणासाठी काढलेला कालवा आणि परदेशी मालापासून रक्षण मिळालेला कारखाना एकाच शिवारात भेटले, आणि ज्वारीवाल्या कोरडवाहू गावाचं रक्षण बाजूला राहिलं. पाणीवाटपावर आज जे वाद होतात त्यांतल्या बऱ्याच वादांची मुळं इथवर जातात.

राज्यांना ‘प्रोटेक्टेड’ केव्हा म्हणू लागले?

हिंदुस्थानातलं ठळक उदाहरण 1809 चं. सतलज आणि यमुना यांच्यामधल्या पटियाळा, नाभा, जिंद वगैरे शीख राज्यांना रणजितसिंहांची धास्ती होती. त्यांनी कंपनीकडे आसरा मागितला. अमृतसरच्या तहानं रणजितसिंहांची हद्द सतलजवर थांबली, कंपनीनं या राज्यांच्या रक्षणाचा जाहीरनामा काढला आणि त्यांना ‘प्रोटेक्टेड शीख स्टेट्स’ असं नाव पडलं. पुढचा भाग जास्त बोलका आहे. दोनच वर्षांनी, 1811 मध्ये, कंपनीनं दुसरा जाहीरनामा काढला. पहिल्यात त्यांचं रक्षण लाहोरपासून होतं, दुसऱ्यात एकमेकांपासून. बाहेरच्या शत्रूसाठी उभा केलेला पहारेकरी दोन वर्षांत घरातल्या भांडणांचा न्यायाधीश झाला.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नव्हता. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव वसईला गेले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्यांनी कंपनीशी तह केला. कंपनीनं रक्षणाची हमी दिली, त्यासाठी सहा हजारांचं पायदळ ठेवलं आणि त्याच्या खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख घेतला. शिवाय कंपनीला विचारल्याशिवाय पेशव्यांनी इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, हेही आलं. आपल्या इतिहासात याला ‘तैनाती फौज’ म्हणतात. इंग्रजी शब्दापेक्षा हा शब्द कितीतरी प्रामाणिक आहे. फौज कुणाच्या तैनातीला आहे, हा प्रश्न तो शब्दच विचारतो.

साताऱ्याचं उदाहरण तर मनाला लागतं. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीनं छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवलं आणि 1819 मध्ये त्यांच्याशी तह केला. 1839 मध्ये त्याच कंपनीनं त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडत राहिले. 1848 मध्ये वारस नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा झालं. ज्याच्यापासून रक्षण हवं होतं तोच रक्षक, ही साताऱ्याची अडचण होती आणि तहाच्या कागदात तिच्यावर कुठलाच इलाज नव्हता.

‘प्रोटेक्टोरेट’ आणि ‘प्रोटेक्टेड स्टेट’ एकच का?

ढोबळ बोलण्यात एकच. ब्रिटिश कायद्यात मात्र फरक होता. प्रोटेक्टोरेटमध्ये अंतर्गत कारभारावरही ब्रिटनचा मोठा ताबा असे. प्रोटेक्टेड स्टेटमध्ये स्थानिक राजा आपला कारभार पाही, पण परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण ब्रिटनकडे असे. टोंगा 1970 पर्यंत आणि ब्रुनेई 1984 पर्यंत या दुसऱ्या नात्यात होते. स्वतंत्र भारतानंही ही रचना एकदा वापरली: 1950 च्या तहानं सिक्कीम भारताच्या संरक्षणाखाली होतं आणि 1975 मध्ये ते राज्य म्हणून भारतात सामील झालं.

घरात सापडलेल्या जुन्या पासपोर्टावर ‘ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन’ असं आहे. म्हणजे आमचे पणजोबा ब्रिटिश नागरिक होते का?

नव्हते. मुंबई इलाख्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली जन्मलेला माणूस ‘ब्रिटिश सब्जेक्ट’ ठरे. कोल्हापूर, सांगली, औंध, बडोदा, इंदूर, हैदराबाद अशा संस्थानांची रयत त्या त्या संस्थानची प्रजा असे. हिंदुस्थानाबाहेर जाताना ब्रिटिश सरकार तिच्यावर छत्र धरी, म्हणून ‘प्रोटेक्टेड पर्सन’. पुण्यातला चुलतभाऊ सब्जेक्ट आणि सांगलीतला प्रोटेक्टेड पर्सन, असं एकाच घरात होऊ शके. पुढे संस्थानं विलीन झाली (दक्षिणेतली बहुतेक 1948 मध्ये, कोल्हापूर 1949 मध्ये) आणि हा भेद आपल्यापुरता संपला. अशा पासपोर्टाच्या जोरावर आज ब्रिटिश नागरिकत्व मिळेल, या आशेवर कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. पणजोबांचं जन्मगाव कोणत्या संस्थानात होतं हे मात्र त्यावरून कळू शकतं, आणि वंशावळ लावणाऱ्यांना ते फार उपयोगी पडतं.

जिनिव्हाच्या 1949 च्या चौथ्या करारातही ‘प्रोटेक्टेड पर्सन्स’ आहेत, पण ते वेगळे. युद्धात किंवा परकीय ताब्यात जे लोक आपल्या देशाच्या नसलेल्या सत्तेच्या हाती सापडतात, त्यांच्यासाठी ती संज्ञा आहे.

जुन्या लढायांच्या वर्णनात ‘प्रोटेक्टेड क्रूझर’ येतं. ते काय असतं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा युद्धनौकेचा एक प्रकार. पूर्ण चिलखती जहाज जड आणि महाग होई. म्हणून बाजूंना चिलखत न लावता जहाजाच्या आत पोलादाचं एक उतरतं डेक बसवायचं आणि इंजिनं व दारूगोळा त्याखाली ठेवायचा. दोन्ही कडांना कोळशाच्या कोठ्या, तेवढाच आणखी आडोसा. चिलीसाठी इंग्लंडमध्ये बांधलेली आणि 1883 मध्ये पाण्यात उतरलेली ‘एस्मेराल्डा’ ही या प्रकाराची अग्रणी मानली जाते. रशियाची ‘अव्रोरा’ही याच वर्गातली. ती 1905 मध्ये त्सुशिमाच्या लढाईत होती, 1917 च्या क्रांतीत तिच्यावरून तोफेचा बार झाला, आणि आज ती सेंट पीटर्सबर्गमध्ये संग्रहालय म्हणून उभी आहे.

‘आर्मर्ड’ आणि ‘प्रोटेक्टेड’ असे दोन वर्ग त्या काळच्या नौदलांत स्पष्ट वेगळे होते. प्रोटेक्टेड म्हणजे मर्मस्थळं तेवढी झाकलेली, बाकीचं उघडं.

‘संरक्षित कूळ’ म्हणजे कोण?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्यावर सर्वांत जास्त गोंधळही.

आधी पार्श्वभूमी. तीसच्या दशकात कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जुलमाविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. 1933 मध्ये सुरू झालेला हा संप 1939 पर्यंत चालला. जमीन पडीक ठेवून, जंगलातली लाकडं विकून लोकांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. या सगळ्या रेट्यातून 1939 चा मुंबई कूळ कायदा आला आणि त्यात ‘प्रोटेक्टेड टेनंट’ हा शब्द पहिल्यांदा आला. 1 जानेवारी 1938 च्या आधी सलग सहा वर्षं जो जमीन स्वतः कसत होता, तो संरक्षित कूळ. मालकाला वाटलं म्हणून त्याला काढता येणार नाही. खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, थकवला, जमिनीची नासाडी केली, पोटकूळ ठेवलं, अशी कायद्यात सांगितलेली कारणं असतील तरच. इथे तिन्ही प्रश्नांना स्वच्छ उत्तर आहे. रक्षण करणारं सरकार, कोणत्या कायद्यानं तर 1939 च्या, आणि कुणापासून तर मनमानी बेदखलीपासून. रक्षण कुणाचं, तर हाताला माती लागलेल्याचं. मला या शब्दाचा हा वापर सगळ्यांत मोलाचा वाटतो.

1946 च्या दुरुस्तीनं व्याप्ती वाढली. मग 1948 चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि जुन्या कायद्यातली संरक्षित कुळं त्यात तशीच मानली गेली.

मग आज सातबाऱ्यावर ‘संरक्षित कूळ’ दिसलं तर ते कूळ मालक झालं का?

फक्त त्या शब्दावरून सांगता येत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी जमिनीवर कायदेशीरपणे असलेल्या पात्र कुळानं ती विकत घेतली असं कायद्यानं मानलं गेलं. पण ‘मानलं’ आणि ‘कागद झाला’ यांत अंतर आहे. 1948 च्या कायद्याच्या कलम 32-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणानं किंमत ठरवायची. कायम कुळाला खंडाच्या सहा पट, इतरांना आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पट. ती भरली की 32-म चं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र म्हणजे खरेदीचा निर्णायक पुरावा. ते झालं नसेल, खरेदी निष्फळ ठरली असेल, मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असल्यामुळे तारीख पुढे गेली असेल, तर प्रत्येक प्रकरणाची वाट वेगळी.

32-म झाल्यावरही विक्रीवर कलम 43 चं बंधन असे. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट नजराणा भरून पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार करता येतो. ही रक्कम बहुधा अगदी किरकोळ निघते. पुष्कळ कुटुंबांना हे माहीत नसतं आणि मधला माणूस भलतेच पैसे उकळतो.

मराठवाड्यात हा कायदा लागू नाही. तिथे 1950 चा हैदराबाद कूळ कायदा. त्यात संरक्षित कूळ कलम 34 मध्ये आणि मालकी कलम 38-ई मध्ये. विदर्भाला 1958 चा वेगळा कायदा. पुण्याच्या ओळखीच्या वकिलाला लातूरची फाइल दाखवताना आधी हे सांगा. गोव्यात शेतीच्या कुळांसाठी 1964 चा कायदा आहे, आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकारांसाठी 1975 चा, ज्याच्या नावातच बेदखलीपासून संरक्षण आहे.

मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूलाही ‘प्रोटेक्टेड’ म्हणतात ते का?

1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली आणि भाडेकरूला काढणं अवघड केलं. 1973 च्या दुरुस्तीनं त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला ज्यांचा लायसन्स करार चालू होता त्यांनाही भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. वकिली बोलीत ते ‘प्रोटेक्टेड लायसन्सी’. त्या धक्क्यानंतर घरमालक जपून वागू लागले. आता 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. आज तुम्ही 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर तुम्ही या अर्थानं संरक्षित नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते.

राखीव वन आणि संरक्षित वन यांत काय फरक?

सामान्य माणसाला ‘संरक्षित’ जास्त कडक वाटतं. आहे उलट. 1878 च्या आणि मग 1927 च्या भारतीय वन कायद्यात दोन्ही शब्द आहेत. राखीव वनात परवानगी नसेल ते सगळं मना. संरक्षित वनात मना केलेलं नसेल ते चालतं. संरक्षित वनात सरकार काही जातींची झाडं राखून ठेवू शकतं, एखादा भाग जास्तीत जास्त 30 वर्षांसाठी बंद करू शकतं, दगडखाणी आणि कोळसाभट्ट्यांना बंदी घालू शकतं. तेवढं सोडून गुरं चारणं, सरपण, गवत हे व्यवहार चालू राहू शकतात.

इथे रक्षण कुणापासून होतं? कायदा ज्यांच्या हाती होता त्यांच्या मते, गावकऱ्यांपासून. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी त्या डोंगरावर गुरं चारली ते एका अधिसूचनेनं घुसखोर झाले. महात्मा फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच वनखात्यानं डोंगर-गायरानं घशात घातल्याबद्दल कडक शब्दांत लिहिलं होतं. हा प्रश्न फिरवायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी. तिथे जंगलाचं रक्षण ग्रामसभा करते, बांबूचा हिशेबही तीच ठेवते. जंगल वाचवायचं तर जंगलात राहणाऱ्याला बाहेर काढलंच पाहिजे, हे त्या गावानं खोटं ठरवलं आहे.

वनाच्या प्रकाराशी ‘संरक्षित क्षेत्रा’ची गल्लत करू नका. ती संज्ञा 1972 च्या वन्यजीव कायद्यातली आहे आणि तिच्यात राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, संवर्धन राखीव व सामुदायिक राखीव क्षेत्रं येतात.

अरुणाचलला जायला ‘प्रोटेक्टेड एरिया परमिट’ लागतं ना?

भारतीय नागरिकाला नाही. त्याला लागतो तो इनर लाइन परमिट, ज्याचं मूळ 1873 च्या इंग्रजी नियमात आहे. ‘प्रोटेक्टेड एरिया’ ही संज्ञा 1958 पासूनची आणि परदेशी नागरिकांसाठी. अमेरिकेतून आलेला भाचा ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असेल तर त्याला वेगळा परवाना काढावा लागतो, आणि गुवाहाटीत पोचल्यावर हे कळलं तर सगळ्या घराची सहल अडते. इथे ‘प्रोटेक्टेड’चा अर्थ जवळजवळ ‘बाहेरच्यांना बंद’ असाच आहे.

किल्ल्यावरचा ‘संरक्षित स्मारक’ फलक नक्की काय सांगतो?

हा शब्द व्हाइसरॉय कर्झनच्या काळातल्या 1904 च्या कायद्यातून आला. आज राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना 1958 चा केंद्रीय कायदा आणि राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा 1960 चा कायदा लागतो. फलकाखाली कुणाचं नाव आहे ते आधी वाचा. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांतही ही विभागणी आहे. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी केंद्राकडे. साल्हेर, राजगड, प्रतापगड, खांदेरी राज्याकडे.

केंद्र संरक्षित स्मारकाची तोडफोड, विद्रूप करणं, नावं कोरणं यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तटाच्या दगडावर बदाम कोरणाऱ्या पोराला हे कुणीतरी तिथेच सांगायला हवं.

आमचं घर अशा स्मारकाला लागून आहे. दुरुस्ती करता येईल का?

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. अंतर मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून, मधल्या देवळाच्या किंवा बुरुजाच्या भिंतीपासून नव्हे. लोक इथेच चुकतात. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही. 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीनं करता येते. म्हणून जुनी घरपट्टीची पावती, विजेचं बिल, ग्रामपंचायतीचा उतारा जपून ठेवा. पन्हाळ्यावर अख्खं गाव वसलेलं आहे, सिंधुदुर्गात तटाच्या आत कुटुंबं राहतात. अशा ठिकाणी स्मारकाचं रक्षण आणि माणसाचं छप्पर यांची सांगड घालणं कठीण आहे. तिथल्या रहिवाशांना गुन्हेगारासारखं वागवून ती बसणार नाही.

एकदा संरक्षित झालं की कायमचं का?

नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून स्मारकाला यादीतून वगळू शकतं; 2024 मध्ये 18 स्मारकांबाबत तशी प्रक्रिया झाली. देशात केंद्र संरक्षित अशी साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत. 2013 च्या कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात पाहणी केलेल्यांपैकी 92 जागेवर सापडलीच नाहीत. कागदावर ती तेव्हाही ‘संरक्षित’च होती.

‘संरक्षित शेती’ हा यातलाच प्रकार का?

कायद्याशी संबंध नाही, पण शब्दाच्या मुळाशी सर्वांत इमानदार वापर हाच: डोक्यावर खरोखरच आच्छादन. पॉलिहाऊस, शेडनेट, क्रॉप कव्हर, नाशिककडे द्राक्षबागेवर घालतात तो प्लॅस्टिक कागद, हे सगळं यात येतं. पॉलिहाऊसला साधारण 200 मायक्रॉनची यूव्ही फिल्म वापरतात. मावळात तळेगावच्या आसपास गुलाब, जरबेरा, कार्नेशन यांची शेती यावर उभी राहिली. विम्याचा अर्ज भरताना सांगाडा, कागद आणि आतलं पीक यांपैकी कशाला संरक्षण आहे ते वेगवेगळं विचारा.

कॉम्प्युटरच्या भाषेत?

‘पासवर्ड प्रोटेक्टेड’ म्हणजे कुलूपबंद, ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणजे वाचा पण बदलू नका. प्रोग्रॅमिंगमध्ये ‘प्रोटेक्टेड’ हे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’च्या मधलं: क्लासच्या वारसांना दिसतं, बाहेरच्यांना नाही. जावामध्ये त्याच पॅकेजमधल्यांनाही दिसतं, सी प्लस प्लसमध्ये नाही. मुलाखतीत हे विचारतातच.

हाती आलेल्या कागदावर ‘संरक्षित’ लिहिलंय. खरं-खोटं कुठे तपासायचं?

जमीन असेल तर सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्या आणि तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तो फेरफार काढा. त्यात नोंद कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या आदेशानं झाली ते असतं. जुनी क-ड-ई पत्रकं मिळाली तर तीही घ्या, 1950 च्या आगेमागे कोण वहिवाटत होतं ते त्यांत कळतं. वन असेल तर अधिसूचना कलम 29 ची आहे की राखीव वनाच्या कलम 4 किंवा 20 ची, हे विभागीय वन कार्यालयात लेखी विचारा. कलम 4 ची असेल तर ती नुसता इरादा सांगते, वन राखीव झाल्याचं नाही. स्मारक असेल तर राजपत्रातली अधिसूचना आणि तिच्यासोबतचा गट नंबर मागा. फलक वाऱ्यानं पडतो, पुन्हा भलत्याच जागी लावला जातो. माहिती तोंडी देतात तिथे माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज टाका आणि अर्जात ‘संरक्षित’ एवढंच न लिहिता कायद्याचं नाव, वर्ष आणि कलम लिहा.